नऊ सेकंदांचे काका

ऑफिसात त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे नऊसेकंदे. काकांना दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर पाठीमागचंच जास्त आवडायचं. काका काय, केस पांढरे झाले की कोणीही होतं. नऊसेकंदे व्हायला कर्तबगारी लागते, असं त्यांचं मत. ती कर्तबगारी कसली होती ते पुढे कळेलच, तोवर हसू दाबून ठेवावं.

कंपनी बेताचीच. तीन मजले, लिफ्ट दुसऱ्यापर्यंत. ती इस्पितळांच्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायची. रुग्णाचं रक्त काढलं, नळीला लेबल लावलं, मशीनने आकडे दिले, की ते आकडे ज्याचे त्याच्याच रिपोर्टवर जाऊन बसले पाहिजेत, एवढंच त्या सॉफ्टवेअरचं काम. म्हणायला एवढंच. एकाचे आकडे दुसऱ्याच्या कागदावर गेले तर डॉक्टर धडधाकट माणसाला सुया टोचणार आणि आजाऱ्याला घरी पाठवणार. म्हणून नवीन आवृत्ती इस्पितळात जाण्याआधी तिची टेस्ट सर्व्हरवर रंगीत तालीम व्हायची. टेस्ट सर्व्हर म्हणजे तळमजल्यावरच्या थंडगार खोलीतलं एक मशीन. त्याच्या डेटाबेसात खोटे रुग्ण, खोटं रक्त, खोटे आजार. त्यांच्यावर चार हजार दोनशे बारा चाचण्या चालवायच्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, दिसल्या की खाली काकांची सही. त्या सहीशिवाय कंपनीतून एक ओळ बाहेर पडत नसे.

आता बिलांच्या विभागाच्या हजारभर चाचण्यांना तीन तास लागत. काकांच्या चार हजार दोनशे बारा चाचण्या नऊ सेकंदांत आटपत. दहा नाही, आठ नाही, नऊ. आणि वर्षानुवर्षं एकही लाल नाही. तुमच्याआमच्यासारख्याला इथे शंका आली असती. पण ऑफिसात हुशार माणसं बसलेली, त्यांना शंका कशी येणार? त्यांना कौतुक वाटलं. पाहुणे आले की साहेब त्यांना काकांच्या टेबलाशी आणत, काका शर्टाची बाही मागे सारून बटण दाबत, आणि पाहुणे मनातल्या मनात नऊ मोजत. काकांनी यावर एक भाषणही बसवलं होतं, चाळीस चित्रांचं. शिस्त, नियोजन, चाचणीवर श्रद्धा वगैरे. शेवटच्या चित्रात उगवता सूर्य होता.

दहा वर्षांपूर्वी याच नऊ सेकंदांसाठी काकांना 'वर्षाचा मानकरी' केलं, तेव्हाचा फोटो दुसऱ्या मजल्याच्या बोळात टांगला होता. काका टेबलाशी बसलेले, हाताची घडी, चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव, मागे त्यांचं लोखंडी कपाट. काकांच्या टेबलापासून चार पावलांवर पाण्याचं मशीन होतं, तरी काका बाटली भरायला रोज त्या बोळातल्या मशीनपर्यंत चालत जात. पाणी तिकडचं गोड लागतं म्हणे.

घरी मात्र या कर्तबगारीला कवडीची किंमत नव्हती. काकांची बायको गावातल्या मोठ्या इस्पितळात लॅब टेक्निशियन. नवरा ज्याच्यावर सही करायचा, तेच सॉफ्टवेअर ती रोज आठ तास सोसायची. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, त्यातली शेवटची दहा-अकरा वर्षं जेवणाच्या टेबलावर एकच वाद रंगायचा.

"अहो, आज परत दोघांचे रिपोर्ट उलटे आले. एकाच दिवशी भरती, जन्मतारीख एकच, आणि तुमच्या सॉफ्टवेअरने याचं त्याला, त्याचं याला."

"तुम्ही लोक लेबलं उलटी लावता," काका भाजी वाढून घेत म्हणायचे. "आमच्याकडे सगळं हिरवं आहे."

"तुमच्याकडे हिरवं असेल. नळी माझ्या हातात असते."

म्हणून बायकोने एक वही ठेवली होती. प्रत्येक नळीचा नंबर, खाटेचा नंबर आणि मशीनवरचा आकडा पेन्सिलीने लिहायचा, आणि रिपोर्ट बाहेर पडण्याआधी वहीशी ताडून बघायचा. चुकला की लाल शाईची खूण. आता तिसरी वही चालू होती. तिने कंपनीकडे रीतसर तक्रारही केली होती. दोन महिन्यांनी उत्तर आलं: सर्व चाचण्या यशस्वी, दोष आढळला नाही. खाली सही कोणाची, तर नवऱ्याची. तो कागद तिने फ्रीजच्या दारावर लावून ठेवला. काका फ्रीज उघडताना दुसरीकडे बघायचे.

आणखी एक होतं. दर मंगळवारी हातपाय धुऊन बायको चहाला बसली की म्हणायची, "चौदा नंबरच्या बाई आल्या होत्या आज." काका म्हणायचे, "असं का," आणि शब्दकोड्याकडे वळायचे. इस्पितळ म्हटलं की माणसं यायचीच, त्यात विचारायचं काय? दहा वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नाही.

आता काकांच्या निवृत्तीचा आठवडा उजाडला. शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये निरोप समारंभ, आणि सोमवारी सगळ्या इस्पितळांत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती. या आवृत्तीबरोबर इस्पितळांना एक परिपत्रकही गेलं होतं: यापुढे हाताने लिहिलेल्या वह्या बंद, असलेल्या वह्या सोमवारी जमा कराव्यात, संगणकावर विश्वास ठेवावा. बायकोने तेही वाचलं होतं. ती त्यावर काहीच बोलली नाही, आणि बायको बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, एवढं एकतीस वर्षांत काकांनाही कळत होतं. पण तेवढ्यावर ते खूश होते, की निदान फ्रीजवर दुसरा कागद लागला नाही.

काकांच्या जागी एक बाई आली होती. आठ वर्षं घरी राहून जुळी मुलं वाढवून ती नोकरीत परतली होती, म्हणून ऑफिसने तिचं नाव ठेवलं जुळ्यांची आई. दोन तान्ही मुलं एकदम सांभाळलेल्या बाईला एक गोष्ट पक्की कळलेली असते: घरात फार शांतता असली की जाऊन बघावं. तिने मंगळवारी सकाळी काकांचं सगळं भाषण ऐकलं, उगवत्या सूर्यापर्यंत. मग नम्रपणे म्हणाली, "काका, मी एकच चाचणी सुटी चालवून बघते. शिकायला बरं पडेल."

तिने काकांचं बटण न दाबता एक चाचणी हाताने चालवली. पडद्यावर एकच ओळ आली: डेटाबेसची कॉन्फिग फाइल सापडली नाही.

कॉन्फिग फाइल म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. पाच ओळी. डेटाबेस कुठल्या मशीनवर आहे, कुठल्या दारातून आत जायचं, त्याचं नाव काय, कोण आलंय आणि पासवर्ड काय. पाहुण्याला दिलेली पत्त्याची चिठ्ठीच ती. ती नसली की चाचणी डेटाबेसपर्यंत पोचतच नाही, वाटेतच उभी राहते.

"तुझ्या मशीनवर नसेल," काका समजूतदारपणे हसले. "माझ्या मशीनवर बघ."

काकांच्या मशीनवरही नव्हती. टेस्ट सर्व्हरवरही नव्हती. काका मग कामाला लागले. अनुभवी माणूस अडचणीत आला की आधी दुसऱ्याची चूक शोधतो, तसे त्यांनी नेटवर्कवाल्याला फोन लावला, मग अँटीव्हायरसला दोष दिला, मग रविवारी खोली झाडून गेलेल्या सफाईवाल्याची चौकशी केली. झाडूने फाइल जात नाही हे त्यांना कळत होतं, पण विचारायला काय हरकत? फोल्डरची नावं तपासली, परवानग्या तपासल्या, मशीन बंद करून चालू केलं. फाइल काही मिळेना.

जुळ्यांची आई मुकाट्याने बघत होती. शेवटी म्हणाली, "काका, फाइल नाही हे समजलं. पण मग तुमचं बटण दाबल्यावर सगळं हिरवं कसं येतं?"

काकांनी बटण दाबलं. नऊ सेकंद. चार हजार दोनशे बारा, सगळं हिरवं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने बटणामागची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेल्या हुकमांची यादी, उघडली आणि वाचायला लागली. तिसाव्या ओळीला बोट ठेवलं. तिथे साध्या सरळ भाषेत लिहिलं होतं: फाइल नसेल तर सगळ्या चाचण्या सोडून दे आणि हिरवं दाखव. शेजारी शेरा होता, 'तात्पुरतं. उद्या काढायचं.' पुढे अकरा वर्षांपूर्वीची तारीख, आणि काकांच्या नावाची आद्याक्षरं.

काकांना तो दिवस लख्ख आठवला. डेटाबेस जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर हलवायचं काम चालू होतं, सकाळभर तो बंद होता, आणि नेमके दुपारी पाहुणे येणार होते. साहेब म्हणाले, काहीही करा, पाहुण्यांना लाल दिसता कामा नये. काकांनी काहीही केलं: जुन्या मशीनची फाइल काढून टाकली आणि स्क्रिप्टमध्ये ती ओळ लिहिली. चार वाजता सर्व्हरवाल्याने फोनवर नव्या मशीनच्या पाच ओळी सांगितल्या, काकांनी त्या मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून कपाटाला चिकटवल्या, की उद्या आल्या आल्या फाइल बनवू आणि ती ओळ काढू. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, नऊ सेकंद, कमाल आहे. आता ज्या गोष्टीबद्दल पाठीवर थाप पडली, ती कोण काढणार?

म्हणजे अकरा वर्षं एकही चाचणी झाली नव्हती. नऊ सेकंद लागत होते ते चार हजार दोनशे बारा वेळा 'सोडून दे' म्हणायला.

"तू हे कोणाला," एवढंच काकांच्या तोंडून निघालं.

"आधी फाइल शोधू," जुळ्यांची आई म्हणाली. "खरी चालवल्याशिवाय काय कळणार?"

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "चौदा नंबरच्या बाई आल्या होत्या." काका असं काही दचकले की चहा बशीत सांडला. पण विचारलं नाहीच.

बुधवार गेला त्या पाच ओळींच्या मागे. कपाट मागेच भंगारात गेलं होतं, कागदासकट. सध्याच्या सर्व्हरवाल्याने शपथेवर सांगितलं, की तो टेस्ट डेटाबेस अगदी ठणठणीत आहे, रोज रात्री न चुकता त्याचा बॅकअप निघतो. अकरा वर्षं कोणी फिरकलं नव्हतं त्या डेटाबेसात, आणि त्याची रोज काळजीने नक्कल काढून वेगळ्या इमारतीत तिजोरीत ठेवत होते. पासवर्ड? तो द्यायचा तर अर्ज लागेल, आणि अर्जावर टेस्ट सर्व्हरच्या प्रमुखाची मंजुरी. प्रमुख कोण? काका. अर्ज कोणाचा? काकांचा. स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करता येत नाही, असा नियम. तो नियम कोणी केला होता हे काकांनी विचारलं नाही, कारण त्या बैठकीचं इतिवृत्त त्यांनीच लिहिलं होतं.

गुरुवारी सकाळी काका सवयीने बोळात पाण्याची बाटली भरायला गेले. बाटली भरून वाहायला लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. ते फोटोकडे बघत होते. दहा वर्षं त्या फोटोत त्यांनी फक्त स्वतःला पाहिलं होतं. आज पहिल्यांदा मागचं कपाट पाहिलं. कपाटावर कागद होता. कागदावर पाच ओळी होत्या, मोठ्या अक्षरांत, पासवर्डासकट, आणि येणारे जाणारे सगळे दहा वर्षं त्याच्यासमोर उभे राहून पाणी पीत होते.

जुळ्यांच्या आईने भिंग आणलं. काकांनी वाचून दाखवलं, तिने चिठ्ठीवर उतरवलं, मग टेस्ट सर्व्हरवर फाइल बनली. बटण दाबलं. नऊ सेकंद गेले, काहीच झालं नाही. मिनिट गेलं. मग एक हिरवी, दोन हिरव्या, आणि चौथ्या मिनिटाला पहिली लाल. काकांनी चष्मा पुसून चाचणीचं नाव वाचलं: एकाच दिवशी दाखल, एकच जन्मतारीख, दोन रुग्ण, रिपोर्ट ज्याचा त्याला जातो का?

जात नव्हता. बायको दहा-अकरा वर्षं भाजी वाढताना जे सांगत होती, तेच शब्द.

दोन तास चाळीस मिनिटांनी हिशेब लागला. तीनशे सत्त्याऐंशी लाल. काका ते कागद घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी आधी दार लावलं.

"काका, उद्या तुमचा समारंभ. इस्पितळाचे अधीक्षक येणार, तुमच्या मिसेस येणार. सोमवारी आवृत्ती जाणार. आणि तुम्ही हे आता काढताय?"

"साहेब, चुकीचे रिपोर्ट जातील."

"आजवर गेले का?"

"माझी बायको वहीत लिहून थांबवते म्हणून. आता वह्या जमा करताहेत."

साहेबांनी खिडकीचा पडदाही ओढून घेतला. "हे बघा, दोन-तीन महिन्यांत सगळं दुरुस्त करू, गाजावाजा न करता. पण नाव कोणाचं जाईल विचार करा. तिसाव्या ओळीवर आद्याक्षरं माझी नाहीत." मग आवाज मऊ केला. "फाइल नव्हती तेव्हा सगळं व्यवस्थित चाललं होतं. फाइल काढून टाका. चिठ्ठी फाडा. आणि उद्या छान कोट घालून या."

आता इथे काकांनी टेबलावर मूठ आपटली असती तर मला सांगायला बरं वाटलं असतं. पण काका आयुष्यात कधी कोणाच्या टेबलावर मूठ आपटणारे नव्हते. त्यांनी मान डोलावली, खाली गेले, फाइल काढली, चिठ्ठी फाडली आणि तुकडे दोन वेगवेगळ्या टोपल्यांत टाकले. जुळ्यांच्या आईला साहेबांनी तातडीने बिलांच्या विभागात पाठवलं होतं. जाताना ती काकांना एवढंच म्हणाली, "माझी आई त्याच इस्पितळात दाखल आहे. खाट नंबर नऊ."

शुक्रवारी सकाळी बायको कपाटातून चांगले कपडे काढत होती. कोट झटकून दाराला अडकवला. काका चहा ढवळत बसले होते, साखर कधीच विरघळली होती.

"आज रजा टाकलीस?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं.

"हो. तुमच्यासाठी ही दुसरी. पहिली त्या बक्षिसाच्या दिवशी टाकली होती."

"आठवतंय. फोटो काढला तेव्हा तू शेजारी उभी राहिली नाहीस."

"तेव्हा राहिले असते. लॅबमधून फोन आला, म्हणून खाली गेले." ती बाहीची घडी सारखी करत म्हणाली. "मी नव्हते तर वही कोण ताडणार? त्या दिवशी चौदा नंबरच्या खाटेचा रिपोर्ट उलटा गेला. मूत्रपिंडं बिघडलेली, कागदावर आली चांगली. संध्याकाळी फोन आला तो नुसता गोंधळ उडालाय म्हणून. उलगडा व्हायला दोन दिवस गेले, आणि ते दोन दिवस मूत्रपिंडांना न झेपणारं जड औषध तसंच चालू राहिलं. मी तेव्हाच तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, हिरवं आहे."

काकांचा चमचा थांबला. "त्या चौदा नंबरच्या बाई..."

"दर मंगळवारी येतात ना. डायलिसिसला. दहा वर्षं झाली. बस चालवायच्या पूर्वी." तिने कोट त्यांच्या हातात दिला. "दर मंगळवारी सांगते तुम्हाला. मला वाटायचं, एकदा तरी विचाराल."

काकांना लाज वाटली. साधी, अंगभर, लहानपणी चोरी सापडल्यावर वाटते तशी. बायकोने तिन्ही वह्या पिशवीत भरल्या, सोमवारी जमा करायच्या म्हणून समारंभानंतर परस्पर इस्पितळात ठेवून येणार होती.

हॉल गच्च भरला होता. केक, बिस्किटं, फुलांचा गुच्छ. पहिल्या रांगेत इस्पितळाचे अधीक्षक, तिसऱ्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बायको. साहेब बोलायला उठले ते वीस मिनिटं बोलले. निष्ठा म्हणाले, सचोटी तीनदा म्हणाले. मग कागदात गुंडाळलेली भेट काकांच्या हातात दिली. काकांनी कागद सोडला. आत बोळातला फोटो, नवीन चौकट लावून.

"आणि आता," साहेब म्हणाले, "निरोपाआधी एकदा शेवटचे नऊ सेकंद." मागच्या मोठ्या पडद्यावर टेस्ट सर्व्हर उघडलेला होता. टाळ्या पडल्या. काहीजण आधीच घड्याळ बघायला लागले.

काका लॅपटॉपसमोर बसले. बोट बटणावर नेलं. सगळं जन्मभराचं नाव त्या बोटाखाली होतं, दाबलं की हिरवं, केक, घरी. त्यांनी तिसऱ्या रांगेत पाहिलं. बायको त्यांच्याकडे बघत नव्हती, पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसली होती. काकांनी बोट उचललं. नवीन फाइल उघडली आणि फोटो डोळ्यांजवळ धरला. पण भिंग कुठे होतं? अक्षरं फेर धरून नाचायला लागली.

"काका, राहू द्या ते," साहेब हसत हसत दातांतून म्हणाले. "नुसतं बटण दाबा."

बिलांच्या विभागाच्या रांगेतून जुळ्यांची आई उठली. सरळ व्यासपीठावर आली, काकांच्या हातातून फोटो घेतला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली, पहिली ओळ, दुसरी ओळ. काका टाइप करत गेले. मागच्या मोठ्या पडद्यावर पाचही ओळी उमटल्या, पासवर्डासकट. सर्व्हरवाल्याने डोक्याला हात लावला.

काकांनी बटण दाबलं.

हॉल मोजायला लागला. सात, आठ, नऊ. मग दहा, आणि मग मोजणाऱ्यांचा आवाज विरत गेला. कोणीतरी खोकलं. साहेब म्हणाले, इंटरनेटचा प्रॉब्लेम दिसतोय, तोवर केक घ्या. कोणी उठलं नाही. चौथ्या मिनिटाला लाल ओळ आली. पाठोपाठ दुसरी. पडद्यावर चाचण्यांची नावं मोठ्या अक्षरांत सरकत होती, आणि अधीक्षकांना वाचता येत होतं.

तिसऱ्या रांगेत बायकोने वही उघडली. लाल ओळ आली की ती पानं चाळायची, आणि तोच घोळ सापडला की पेन्सिलीने बारीक खूण करायची. दोन रांगा पुढून अधीक्षक मान वळवून बघायला लागले. मग उठून तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले आणि वहीत डोकावले.

"या वह्या सोमवारी जमा करायच्या आहेत ना?" बायकोने विचारलं.

"नका करू," अधीक्षक म्हणाले. "आणि ते सॉफ्टवेअरही सोमवारी येणार नाही."

काका माइकपाशी गेले. त्यांनी चाळीस चित्रांचं भाषण केलं नाही. "अकरा वर्षं फाइल नव्हती," ते म्हणाले. "चाचण्या झाल्याच नाहीत. ती ओळ मी लिहिली होती. सह्या माझ्या आहेत." एवढं बोलून खुर्चीत बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पुढे चौकशी झाली, अगदी रीतसर, सात जणांची समिती बसवून. आठ आठवड्यांनी अहवाल आला. त्यात म्हटलं होतं, की टेस्ट सर्व्हर अकरा वर्षं सुरळीत चालू असताना एका कर्मचाऱ्याने तिथे एक अनधिकृत फाइल ठेवली, त्यामुळे तीनशे सत्त्याऐंशी दोष उद्भवले. शिवाय गोपनीय पासवर्ड चारचौघांत उघड केल्याबद्दल तीव्र नापसंती. अहवालाखाली साहेबांची सही. ऑफिसात काकांचं नावही बदललं, आता त्यांना दोनचाळीस म्हणतात. चाचण्या मात्र रोज चालतात, दोन तास चाळीस मिनिटं, जुळ्यांच्या आईच्या देखरेखीखाली, आणि लाल ओळी हळूहळू कमी होताहेत.

काकांनी तो अहवाल घरी आणला आणि आपल्या हाताने फ्रीजवर लावला, जुन्या कागदाच्या शेजारी. फोटो कुठे लावला नाही.

त्या मंगळवारी बायको हातपाय धुऊन चहाला बसली. "चौदा नंबरच्या बाई आल्या होत्या."

काकांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं. "कशा आहेत?"

बायकोने कप खाली ठेवला. दहा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. "आहेत," ती म्हणाली. "सुई टोचताना बोलत राहतात. बसचे रस्ते सांगतात, कुठला थांबा कुठे होता ते."

"पुढच्या मंगळवारी मी येऊ?"

"येऊन काय करणार?"

"सांगेन त्यांना. ते बटण माझं होतं म्हणून."

"त्या काय म्हणतील माहीत आहे का?"

"नाही," काका म्हणाले. "म्हणूनच भीती वाटते."

बायकोने उठून दोन्ही कप विसळायला घेतले. "त्या सव्वासातला येतात," पाठमोरी म्हणाली. "सातला निघायला हवं. उशीर केलेला चालत नाही तिथे."